रात्री नाचणारा क्लोरीन लूप: फोंड्याजवळच्या एका प्लांटचं प्रकरण

गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका औद्योगिक वसाहतीत खाद्यपदार्थांचं एक युनिट आहे, नाव सांगत नाही आणि आकडे पण थोडे गोल केलेत, पण गणित जसंच्या तसं आहे. युनिटचं स्वतःचं पाणी शुद्धीकरण आहे, नदीचं पाणी उचलायचं, गाळायचं, हायपो मारायचा, आणि मग स्टोरेज टाकीत सोडायचं. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण, कॅनमधून येतो तो. डोसिंगच्या पुढे २०० मिमी बोअरचा साधारण १८० मीटर पाइप आहे, त्यानंतर ६ घनमीटरची मिक्सिंग टाकी, आणि टाकीच्या आउटलेटवरून पातळ नळीने सॅम्पल ॲनालायझरपर्यंत जातं. ॲनालायझर उरलेला क्लोरीन मोजतो, पीएलसी (प्लांट चालवणारा छोटा कॉम्प्युटर) ते बघून डोस कमीजास्त करतो, मोजा आणि सुधारा या चक्रालाच लूप म्हणतात. सेटपॉइंट, म्हणजे गाठायचा आकडा, ०.५ मिलीग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मुक्त क्लोरीन किमान ०.२ आणि दुसरा पर्यायच नसेल तर १ पर्यंत चालतो, त्यामुळे ०.५ ला बसलं की दोन्ही बाजूंना जागा राहते.

तक्रार एकच होती, दिवसा लूप ठीक, रात्री वाट लागते. ऑपरेटरच्या भाषेत, "दिसाचें बरें आसता, रातचें नाचता हें." स्काडावर (प्लांटचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनवर) रात्रीचा ट्रेंड उघडला तर मोठी संथ लाट, वर ०.९ च्या आसपास, खाली ०.२ ला टेकतेय, आणि एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत साधारण अडीच तास. विझतही नाही, फुगतही नाही. शिफ्टवाल्यांनी त्यावर आपला उपाय काढलेला, रात्री दहा वाजले की लूप मॅन्युअलला टाकायचा, डोस थोडासा हलवायचा आणि तासभर हात लावायचा नाही. लॉगबुकात जवळपास रोजच "रा. १० मॅन्युअल" लिहिलेलं. माझ्या मते त्या प्लांटमधला सगळ्यात रोबस्ट, म्हणजे प्लांट बदलला तरी टिकणारा, कंट्रोलर तेव्हा तोच होता, का ते पुढे येईल.

गंमत म्हणजे लूपमध्ये साधा पीआय (नेहमीचा कंट्रोलर, प्रपोर्शनल भाग आत्ताच्या चुकीवर दुरुस्ती करतो, इंटिग्रल साठलेल्या चुकीवर) नव्हताच. आधीच्या इंटिग्रेटरने, म्हणजे सिस्टिम बसवून देणाऱ्या कंपनीने, चांगलं काम केलेलं, फ्लो पेसिंग होतं (म्हणजे पाणी दुप्पट झालं की डोसिंग पंपही आपोआप दुप्पट, फीडबॅक फक्त वरची दुरुस्ती करतो) आणि त्यावर स्मिथ प्रेडिक्टर बसवलेला. ओटो स्मिथने १९५७ मध्ये मांडलेली ही आयडिया आजही विलंबावरचं (डोस बदलल्यावर ॲनालायझरला दिसायला जो उशीर होतो त्यावरचं) पहिलं औषध म्हणून शिकवतात. सोप्या भाषेत, पीएलसीच्या आत प्लांटचं एक छोटं मॉडेल चालवायचं, एकदा विलंबाशिवाय आणि एकदा विलंबासकट, कंट्रोलरला विलंबाशिवायचं उत्तर लगेच दाखवायचं, आणि खऱ्या मापात आणि विलंबासकट मॉडेलमध्ये जो फरक निघेल तेवढाच वरून जोडायचा. मॉडेल बरोबर असेल तर कंट्रोलरच्या दृष्टीने विलंब गायबच होतो, मग त्याला पाहिजे तेवढा तेज करता येतो.

पण "मॉडेल बरोबर असेल तर" ही अट दिसते तेवढी साधी नाही.

विलंब येतो कुठून

२०० मिमी पाइपमध्ये एका मीटरला ३१.४ लिटर पाणी मावतं, म्हणजे १८० मीटरला ५.६५ घनमीटर. डोसिंगच्या जागी आज जे पाणी क्लोरीन घेऊन निघालं ते टाकीपर्यंत पोचायला त्याच्या पुढचं ५.६५ घनमीटर आधी सरकायला पाहिजे, त्याला शॉर्टकट नाही. फ्लो ७० घनमीटर प्रति तास असेल तर याला पावणेपाच-पाच मिनिटं लागतात, ३० असेल तर ११ मिनिटं, आणि रात्री पॅकिंग लाइन बंद झाल्यावर फ्लो १२ वर येतो तेव्हा २८ मिनिटं. वर सॅम्पलची नळी, २५ मीटर, आतून ६ मिमी, म्हणजे ०.७ लिटर, आणि तिच्यातून मिनिटाला अर्धा लिटर वाहतं म्हणजे १.४ मिनिटं, त्यात ॲनालायझरचा स्वतःचा मिनिटभराचा उशीर, असे मिळून अडीच मिनिटं. हे अडीच मिनिटं फ्लो कितीही असो तेवढेच.

म्हणजे एकूण विलंब दिवसा ७ मिनिटं, मधल्या वेळी १४, रात्री ३१. चौपटीहून जास्त फरक, आणि तोही रोज, ठरलेल्या वेळी. मिक्सिंग टाकीचं पण तेच, ६ घनमीटर भागिले फ्लो, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (बदल बराचसा मुरायला लागणारा वेळ, यालाच लॅग म्हणतात) ५ मिनिटांपासून ३० मिनिटांपर्यंत.

इंटिग्रेटरने स्मिथ प्रेडिक्टरमध्ये विलंब टाकलेला १४ मिनिटं, टाकीचा लॅग १२ मिनिटं, आणि बंद लूपचा, म्हणजे लूप ऑटोवर असतानाचा, टाइम कॉन्स्टंट ३ मिनिटं ठेवलेला. कमिशनिंग अर्थात दिवसा झालं, फ्लो ३० च्या आसपास असताना, आणि तेव्हा ट्रेंड एकदम सरळ आला असणार यात शंका नाही. कागदावर सगळं बरोबर होतं, फक्त रात्रीचं पाणी कागदावर नव्हतं.

आम्ही पहिल्यांदा केलं ते साधंच, लूप मॅन्युअलला, डोस दीडवरून १.८ मिलीग्रॅम, आणि घड्याळ लावून बसायचं. दुपारच्या फुल फ्लोला सात-आठ मिनिटांनी ॲनालायझर हलायला लागला. तीच टेस्ट रात्री केली तर अर्धा तास होत आला तरी आकडा जागचा हलेना, सोबतचा ऑपरेटर वैतागून म्हणाला की पंप चालतोय ना एकदा बघून येतो, आणि तो बघून परत येईपर्यंत आकडा चढायला लागलेला. पाइपच्या गणिताशी मस्त जुळलं. अशी टेस्ट दोन वेगळ्या फ्लोला केल्याशिवाय विलंबाच्या लूपबद्दल कुणी काही सांगत असेल तर मी ते ऐकून घेतो, पण लिहून घेत नाही.

किती चूक चालते

आता मुद्द्यावर. रोबस्ट कंट्रोल म्हटलं की लोक एकदम एच इन्फिनिटी, एलएमआय, ल्यापुनोव्ह-क्रासोव्हस्की फंक्शनल असं काहीतरी जड गणित डोळ्यासमोर आणतात, आणि ते खोटं नाही, बदलत्या विलंबावर पेपर लिहिणारे तेच वापरतात. पण इथे लागणारी कल्पना त्याच्या मुळाशी आहे आणि ती सरळ आहे. स्मॉल गेन थिअरम, १९६० च्या दशकात झेम्सच्या कामातून आलेली. आपलं मॉडेल किती टक्के चुकतंय ते प्रत्येक फ्रीक्वेन्सीला, म्हणजे संथ ते जलद प्रत्येक वेगाच्या बदलाला, काढायचं, त्याच फ्रीक्वेन्सीला बंद लूप किती जोर लावतो ते काढायचं, दोन्हीचा गुणाकार सगळीकडे १ च्या खाली राहिला तर लूप नक्की स्थिर. वर गेला तर अस्थिर होईलच असं नाही, पण हमी गेली.

विलंबाच्या चुकीचा स्वभाव बघण्यासारखा आहे. संथ बदलांना ती जवळजवळ शून्य असते, कारण तासाभरात हळूहळू होणाऱ्या गोष्टीत पाच मिनिटं इकडे तिकडे झाली तर कुणाला कळतंय. पण बदल जसा जलद होत जातो तशी चूक वाढते, आणि लाटेचा अर्धा आवर्तनकाळ विलंबाच्या चुकीएवढा झाला की ती २०० टक्क्यांवर पोचते, म्हणजे मॉडेल म्हणतं वर चाललंय तेव्हा प्लांट खाली चाललेला असतो. तेव्हा उपाय एकच, त्या फ्रीक्वेन्सीला पोचायच्या आधीच कंट्रोलरने हात आखडता घ्यायचा. किती आधी, ते बंद लूपच्या टाइम कॉन्स्टंटवर ठरतं, त्याला लॅम्डा म्हणतात. पहिल्या ऑर्डरच्या स्मिथ प्रेडिक्टरला गणित केलं तर असं निघतं की विलंबाची चूक लॅम्डाएवढी असेल तर गुणाकार जास्तीत जास्त पाऊण, म्हणजे आरामात. चूक लॅम्डाच्या साधारण दीडपट झाली की गुणाकार १ ला टेकतो.

आपल्याकडे रात्री चूक किती? ३१ वजा १४, १७ मिनिटं. लॅम्डा ३ मिनिटं. जवळपास सहापट!

हमी तर गेलीच, पण नुसती हमी गेली की लूप खरंच डगमगतो हे बघायला मी रात्रीचे खरे आकडे (विलंब ३१, लॅग ३०) आणि पीएलसीतलं मॉडेल (१४ आणि १२) घेऊन बंद लूपचं समीकरण हातानेच चालवलं. साधारण १४८ मिनिटांच्या आवर्तनाला लूप अगदी स्थिरतेच्या काठावर उभा दिसतो. ट्रेंडवरची लाट अडीच तास, गणितातली १४८ मिनिटं. ॲनालायझर खराब आहे, पंप खराब आहे, हायपो भेसळीचा आहे असे तीन वेगवेगळे संशय मीटिंगमध्ये फिरत होते ते तिथे थांबले.

आणि म्हणूनच तो रात्रीचा मॅन्युअलवाला ऑपरेटर बरोबर होता. थोडं हलवा, तासभर थांबा, म्हणजे त्याने लॅम्डा तासाभराचा ठेवलेला. हुमणात (माशांच्या कालवणात) मीठ घातलं आणि चव अर्ध्या तासाने कळणार असेल तर कुठलीही शहाणी बाई दर दोन मिनिटांनी चिमूट टाकत बसणार नाही, तेवढीच ही अक्कल.

मग लॅम्डा वाढवून टाकायचा ना

हाच प्रश्न पहिल्यांदा मॅनेजरने विचारला आणि तो रास्त आहे. विलंब ७ ते ३१ च्या मध्ये १९ धरला तर चूक दोन्ही बाजूंना १२ मिनिटं, लॅम्डा १२ किंवा थोडा वर ठेवला की विलंबापुरतं काम झालं. क्लासिक रोबस्ट डिझाइन, सगळ्यात वाईट केस धरा आणि तिथे टिकेल असं बनवा. पण त्याची किंमत दिवसा मोजावी लागते. दिवसा विलंब ७ मिनिटं, फ्लो ७० चा, म्हणजे डोस चुकला तर तासाला ७० घनमीटर चुकीचं पाणी स्टोरेजमध्ये जातंय, आणि तेव्हाच लूप रात्रीच्या भीतीने सुस्त बसलेला. जास्त पाणी असताना हळू आणि कमी पाणी असताना पण हळू, हे मला पटेना.

दुसरा रस्ता गेन शेड्युलिंगचा, फ्लो बघून विलंब टेबलमधून उचलायचा. बरेच जण हेच करतात आणि फ्लो हळूहळू बदलत असेल तर चालतंही. पण इथे एक फसवणूक आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. आत्ताचा विलंब आत्ताच्या फ्लोवर ठरत नाही, पाइपमधलं पाणी आत शिरल्यापासून आतापर्यंत किती वाहिलं त्यावर ठरतो. रात्री दहाला पॅकिंग बंद झालं, फ्लो ७० वरून १२ वर पडला, टेबल लगेच सांगणार की विलंब ३१ मिनिटं, पण पाइपमधून आता बाहेर येणाऱ्या पाण्याने बराच रस्ता दिवसाच्या वेगाने कापलेला असतो. खरा विलंब हळूहळू वाढत जातो. हिशेब केला तर पाइपमधल्या विलंबाचा वाढीचा वेग म्हणजे १ वजा, आत्ताचा फ्लो भागिले हे पाणी आत शिरलं तेव्हाचा फ्लो. म्हणजे विलंब कितीही वाढला तरी मिनिटाला मिनिटापेक्षा जास्त वेगाने कधीच वाढत नाही, फ्लो पूर्ण शून्य झाला तर बरोबर त्या वेगाने वाढतो कारण पाणी जागच्या जागी थांबलेलं असतं. पेपरमध्ये विलंबाचा बदलण्याचा वेग १ पेक्षा कमी असला पाहिजे अशी अट मोठ्या गांभीर्याने घातलेली असते, इथे पाणी वाहतंय तोवर ती पाइपनेच पाळलेली आहे. पण टेबलवाला पीएलसी एका स्कॅनमध्ये, म्हणजे क्षणात, ७ वरून ३१ वर उडी मारणार, आणि त्याच्या मेमरीतल्या जुन्या व्हॅल्यूंचा जो गोंधळ होतो तो मी दुसऱ्या एका ठिकाणी बघितलाय, नको.

घड्याळ काढून पाण्याचं मीटर लावलं

शेवटी केलं ते असं. पाइपमध्ये वेळ बदलते पण व्हॉल्यूम बदलत नाही. ५.६५ घनमीटर दिवसाही ५.६५ आणि रात्रीही ५.६५. टाकी दिवसाही ६ घनमीटर. मग कंट्रोलर सेकंदांवर चालवायचाच कशाला, घनमीटरवर चालवू. फ्लोमीटरचा पल्स आउटपुट आधीच पीएलसीला येत होता, टोटलायझरसाठी, म्हणजे एकूण वाहिलेलं पाणी मोजायला. दर २०० लिटरला एक टिक, आणि टिक आला की कंट्रोलर आणि मॉडेल एक पाऊल पुढे. ७० च्या फ्लोला दर दहा सेकंदांनी टिक, १२ च्या फ्लोला दर मिनिटाला एक. नवीन हार्डवेअर शून्य.

आयडिया जुनी आहे, माझी नाही, वाहतुकीचा विलंब असलेल्या लूपमध्ये वेळेऐवजी सरकलेल्या मालावर सॅम्पल घ्यायचं हे आधीपासून चालत आलंय. तरी नव्वद टक्के ठिकाणी पीएलसीचा ब्लॉक घड्याळावरच चालतो कारण तो डिफॉल्ट तसा येतो.

आता अनिश्चितता किती उरली बघा. पाइपचा भाग पक्का झाला. ॲनालायझरचे अडीच मिनिटं मात्र वेळेत पक्के, व्हॉल्यूममध्ये नाहीत, ते उलटे वागतात, ७० ला अडीच मिनिटांत २.९ घनमीटर जातं, १२ ला फक्त अर्धा. म्हणजे एकूण विलंब ६.१५ पासून ८.५७ घनमीटर. मध्ये ७.४ धरला तर चूक १.२, साधारण १६ टक्के. चौपटीहून जास्त असलेला फरक दीडपटीच्याही आत आला. ७.४ घनमीटर म्हणजे ३७ टिक, पीएलसीत ३७ खणांचा शिफ्ट रजिस्टर (दर टिकला आकडे एक खण पुढे सरकतात), झालं. टाकी ३० टिक.

मग लॅम्डा किती? विलंबाच्या चुकीपुरतं म्हटलं तर १.२ घनमीटर पण चालला असता, पण बाकीच्या चुका आहेतच. सगळ्यात मोठी म्हणजे हायपोची ताकद. नवा कॅन १२ टक्क्यांचा म्हणून येतो, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवला तर काही आठवड्यांत १० च्या खालीही जातो, उन्हात आणि उकाड्यात हायपो टिकत नाही हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पीएलसीला वाटतं मी १.५ मिलीग्रॅम टाकला, प्रत्यक्षात १.१ गेला. त्यात रात्रीचं पाणी पाइपमध्ये जास्त वेळ राहतं म्हणून क्लोरीन थोडा जास्त खाल्ला जातो. हे सगळं धरून गेनमध्ये (डोस एकने वाढवला की माप किती वाढतं त्यात) ३० टक्के वर-खाली अशी सूट ठेवली. लॅम्डा ४ घनमीटर, २० टिक. विलंब आणि गेन दोन्हीच्या चुका एकत्र धरून स्मॉल गेनचा गुणाकार कुठेही साधारण ०.३३ च्या वर जात नाही. भरपूर जागा, मुद्दाम ठेवलेली, कारण टाकीत पाणी नीट मिसळतं का, कोपऱ्यात साचतं का, हे कुणी मोजलेलं नाही.

कंट्रोलरचे आकडे त्यातून सरळ पडतात. फ्लो पेसिंगमुळे कंट्रोलरचं आउटपुट आता मिलीग्रॅममधला डोस आहे आणि माप पण मिलीग्रॅममध्ये, म्हणजे प्लांटचा गेन १. प्रपोर्शनल ३० भागिले २०, दीड. इंटिग्रल ३० टिक. ४ घनमीटरचा लॅम्डा दिवसा साडेतीन मिनिटांचा होतो आणि रात्री २० मिनिटांचा, कुणी काही न बदलता.

स्मिथ ठेवायचा की काढायचा यावर माझं मत थोडं वेगळं आहे. टिक व्हॉल्यूमवर आणल्यावर आम्ही आधी साधा पीआयच चालवून बघितला, स्कोगेस्टाडच्या २००३ च्या ट्यूनिंगच्या नियमाने, सगळ्यात मोठा विलंब ८.६ घनमीटर धरून, प्रपोर्शनल ०.३५ आणि इंटिग्रल ३० टिक. रात्रीची लाट त्यानेच गेली. स्मिथने जादा काय मिळतं, तर डोसमध्ये गडबड झाल्यावर एकूण जमा होणारी चूक पीआयला १७ च्या प्रमाणात आणि स्मिथला साडेअकराच्या, म्हणजे एक तृतीयांश कमी. वाईट नाही, पण जीव जाईल एवढंही नाही. कोड तयार होता, टीमला तो समजलेला होता, म्हणून ठेवला. नव्याने कुणी करणार असेल तर मी आधी पीआयच सुचवेन.

लॅपटॉपवर सिम्युलेशनमध्ये सगळे कोपरे फिरवून घेतले, फ्लो १२, ३०, ७०, गेन ०.७, १, १.३, आणि मधेच ७० वरून १२ वर उडी. उडीच्या वेळी घड्याळवाला कंट्रोलर जिथे तासन्‌तास गटांगळ्या खात होता तिथे टिकवाल्याला काही झाल्याचं कळलंच नाही, त्याच्या दृष्टीने टिक फक्त उशिरा यायला लागले. आता रात्रीच्या ट्रेंडवर ०.५ च्या भोवती थोडी खरखर दिसते, लाट नाही, आणि लॉगबुकातलं "मॅन्युअल" बंद झालं.

कंट्रोलरच्या हातात नसलेल्या गोष्टी

पाइपच्या तोंडाशी क्लोरीनची मागणी अचानक वाढली तर ते ॲनालायझरला एका विलंबानंतर दिसतं, आणि केलेली दुरुस्ती दिसायला अजून एक विलंब. मधलं एका विलंबाचं पाणी, दिवसा साडेआठ घनमीटर, ते चुकीचंच जाणार. स्मिथ, एच इन्फिनिटी, कुणीही आणा. ते कमी करायचं तर दोनच मार्ग, विलंब कमी करा किंवा आधीच कळू द्या.

आधीच कळण्याचा भाग इथे महत्त्वाचा होता. नदीचा वरचा भाग खाण पट्ट्यातून येतो, मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की पाणी लाल होतं आणि लोह, मँगनीज दोन्ही चढतं. विरघळलेल्या लोहाचा १ मिलीग्रॅम साधारण ०.६४ मिलीग्रॅम क्लोरीन खातो, मँगनीजचा १ मिलीग्रॅम १.३. म्हणजे लोह दोनने वाढलं तर फक्त त्यानेच सव्वा मिलीग्रॅम मागणी. त्यासाठी ऑनलाइन मीटरचा खर्च मॅनेजमेंटने नाकारला (बरोबरच, मेंटेनन्स कोण करणार), म्हणून लॅबवाली ताई सकाळी आणि पावसाळ्यात दुपारीही बाटलीत क्लोरीन मागणी काढते आणि तो बेस डोस स्काडात टाकते. फीडबॅकची दुरुस्ती त्या बेसच्या वर-खाली फक्त ०.६ पर्यंत. ही मर्यादा मुद्दाम आहे, सेन्सर खोटं बोलायला लागला तरी नुकसान तेवढंच, आणि इंटिग्रल पण तिथेच अडकतो, वाइंडअप होत नाही, म्हणजे चूक आत साठत जात नाही. दुरुस्ती अर्धा तास टोकाला टेकून बसली तर अलार्म. पहिला अलार्म आला तो पावसाने नाही, रात्री डोसिंग पंपच्या हेडमध्ये गॅस अडकला म्हणून. हायपोमधून गॅस सुटतो आणि पंप हळू चालताना तो बाहेर निघत नाही, स्ट्रोक चालू पण द्रव जात नाही. त्यावर डीगॅसिंग हेडच लागतो, ट्यूनिंग करून काही उपयोग नाही.

विलंब कमी करायचा सोपा भाग म्हणजे सॅम्पलची ती २५ मीटर नळी. ॲनालायझर एसी केबिनमध्ये हवा म्हणून ती एवढी लांब ओढलेली. टाकीजवळ छोटा बंद पॅनल करून तिथे बसवला तर सव्वा मिनिटाच्या आसपास वाचेल आणि व्हॉल्यूममधला फरकही कमी होईल. मंजूर आहे, झालेलं नाही.

राहिली चवथ. गणपतीला युनिट जवळजवळ बंद असतं, सगळे गावी. फ्लो शून्याकडे जातो, टिकच येत नाहीत. तीन मिनिटांत टिक आला नाही तर (म्हणजे फ्लो साधारण ४ च्या खाली) कंट्रोलर गोठतो, फक्त फ्लो पेसिंग चालतं. खरी पंचाईत सुट्टीनंतर लाइन चालू करताना होते, पाइपमध्ये दिवसेंदिवस पडून राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडालेला असतो, ॲनालायझर ०.१ दाखवतो, आणि लूप बिचारा डोस वाढवत सुटतो, ते वाढीव पाणी नंतर येतं आणि सगळं ओव्हरडोस. म्हणून लॉजिकमध्ये टाकलंय की तासापेक्षा जास्त थांबून सुरू झालं तर पहिले १४ घनमीटर, म्हणजे ७० टिक जाईपर्यंत ॲनालायझरवर विश्वास ठेवायचा नाही, सकाळच्या लॅब डोसवरच चालायचं. ते जुनं पाणी ड्रेनला सोडायचा व्हॉल्व्ह मात्र अजून हातानेच उघडावा लागतो.

आता ते म्हणतायत की चुन्याच्या पीएचच्या लूपलाही हीच टिकची ट्रिक लावा. विलंबापुरती लागेल, पाइप तोच आहे. पण पीएचमध्ये गेनच जागोजागी कित्येक पटींनी बदलतो, ७ च्या आसपास थेंबाने उडी आणि पुढे गेलं की ढिम्म, त्याला ३० टक्क्यांची सूट पुरणार नाही. आधी टायट्रेशन कर्व्ह (किती चुन्याला पीएच किती होतो त्याचा आलेख) काढून द्या असं लॅबला सांगितलंय, पावसाळ्यातला एक आणि मे महिन्यातला एक.